उक्तं की मोजून?

संध्याकाळची वेळ आहे. कुणी डेअरीला दूध घालून आली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. रेडिओ जरा मोठा करा, कारण आज आकडे आहेत आणि आकडे अर्धे ऐकले की घोटाळा होतो. जमलं तर पोराची जुनी वही आणि पेन जवळ ठेवा.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी विचारलं, पुढच्या वेळी रेडिओवर इन्कम टॅक्सबद्दल बोलू का? सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, आमचा टॅक्स म्हणजे घरपट्टी न् पाणीपट्टी. ती भरताना नाकी नऊ येतात, इन्कम टॅक्स भरायला इन्कम कुठंय?" मी म्हटलं, बरं, ज्यांच्या घरात कुणालातरी फॉर्म सोळा मिळतो त्यांनी हात वर करा. फॉर्म सोळा म्हणजे नोकरीच्या ठिकाणाहून वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स लिहून येतो तो कागद. तेवीस बायकांत अकरा हात वर गेले. कुणाची सून आरोग्य केंद्रात नर्स, कुणाचा मुलगा एमआयडीसीत, कुणाचे मालक एसटीत, कुणाचा दीर फौजेत. हसणाऱ्या काकूंचाही हात वर होता. त्यांचा जावई पोलिसात आहे.

म्हणजे टॅक्स घरात येतोय. फक्त त्याचा कागद आपल्या हातात येत नाही. तो पुरुष माणूस बघतो, किंवा तालुक्याला कुणीतरी "करून देणारा" असतो तो बघतो, आणि आपण सही करतो. आजचं बोलणं त्या सहीच्या आधीचं आहे.

आपल्याकडे ज्वारी काढायची असली की दोन तऱ्हा असतात. एक, काम उक्तं द्यायचं. एवढं रान, एवढे पैसे, माणसं किती लावायची आणि दिवस किती घालवायचे ते तुमचं तुम्ही बघा. दुसरी, रोजानं बायका लावायच्या. मग हजेरी मांडायची, कोण अर्ध्या दिवसात गेली, कोण उशिरा आली, सगळं लिहायचं. उक्त्यात कटकट नाही. रोजानं लावलं तर कधी स्वस्त पडतं, कधी महाग, पण हजेरीची वही मात्र पक्की लागते.

आयकराचंही तसंच झालंय. सध्या दोन पद्धती आहेत, एक नवी आणि एक जुनी. नव्या पद्धतीत सूट उक्ती मिळते. तुम्ही विमा काढलाय का, घराचं कर्ज आहे का, मुलीच्या नावानं पैसे टाकता का, हे कुणी विचारत नाही. पगारदाराला आणि पेन्शनवाल्याला सरसकट ७५,००० रुपये वजा. यालाच स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात, पेपरात 'प्रमाणित वजावट' छापून येतं. जुन्या पद्धतीत हा सरसकट आकडा ५०,००० आहे, पण त्याच्यावर एकेक सूट मोजून घेता येते. विमा, भविष्य निर्वाह निधी, सुकन्या खातं, दोन मुलांची शाळेची फी, घरकर्जाची मुद्दल, हे सगळं मिळून दीड लाखापर्यंत. घरकर्जाचं व्याज वेगळं, दोन लाखांपर्यंत. आरोग्य विम्याचा हप्ता वेगळा. प्रत्येकाची पावती हवी.

नवी पद्धत २०२० मध्ये आली. सुरुवातीला तिच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. २०२३-२४ च्या वर्षापासून तीच मूळ धरली गेली. म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तुम्ही नव्या पद्धतीत आहात. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते.

एक जुनी गोष्ट जाता जाता सांगते. पूर्वी बायकांना टॅक्समध्ये थोडी जास्त मोकळीक होती. २०११-१२ मध्ये पुरुषांना १ लाख ८० हजारांपर्यंत टॅक्स नव्हता आणि बायकांना १ लाख ९० हजारांपर्यंत. पुढच्या वर्षी सगळ्यांना दोन लाख केले आणि बाईसाठी वेगळी रेघ ओढणं बंद झालं. अजूनही काही जणी म्हणतात, "बाईला सूट जास्त असते, माझ्या नावावर दाखव." तसं आता काही नाही.

आता आकडे. हे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईचे आहेत.

नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर टॅक्स नाही. ४ ते ८ लाखांच्या मधल्या रकमेवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १०, १२ ते १६ वर १५ टक्के, आणि असं वर चढत २४ लाखांच्या पुढे ३० टक्के. पण वजावट जाऊन राहिलेलं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर हिशोबानं निघालेला सगळा टॅक्स माफ होतो. पगारदाराला ७५,००० धरले तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स शून्य.

जुन्या पद्धतीत अडीच लाखांपर्यंत टॅक्स नाही, साठीच्या पुढच्यांना तीन लाखांपर्यंत. अडीच ते पाचवर ५ टक्के, पाच ते दहावर थेट २०, दहाच्या पुढे ३०. आणि पूर्ण माफी फक्त पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला.

हे असं ऐकून डोक्यात राहत नाही, म्हणून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हिशोब सांगते. त्यांना विचारून सांगतेय. त्या प्राथमिक शिक्षिका आहेत, वीस वर्षांच्या वर नोकरी झाली. यंदा वर्षाचा पगार ११ लाख ८० हजार होतोय.

आधी जुन्या पद्धतीनं मोजू. ५०,००० सरसकट. २,५०० व्यवसाय कर. दीड लाखाची बचत पूर्ण, आरोग्य विमा २५,०००. हे सगळं गेल्यावर राहिले ९ लाख ५२ हजार ५००. त्यावर टॅक्स निघतो १ लाख ३ हजार, वर ४ टक्के सेस, म्हणजे १ लाख ७ हजार १२० रुपये. आता नव्या पद्धतीनं. ७५,००० वजा, राहिले ११ लाख ५ हजार. बारा लाखांच्या आत. टॅक्स शून्य.

एक लाख सात हजार आणि शून्य. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मग दरवर्षी मार्चमध्ये पावत्या शोधत मी कपाट उपसत होते ते कशासाठी?" पूर्वी ते बरोबर होतं, कारण पूर्वी नव्या पद्धतीत एवढी माफी नव्हती. नियम बदलला, सवय तीच राहिली. शाळेत अजूनही काही जण जुनीच पद्धत लिहून देतात, का, तर वीस वर्षं तीच लिहिली.

तेव्हा पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल, आणि पगाराशिवाय दुसरं मोठं काही नसेल, तर उक्तंच घ्या. त्यात डोकं शिणवायचं कारण नाही. थोडंसं वर गेलं तरी घाबरू नका. वजावट जाऊन १२ लाख १० हजार राहिले तर वरच्या दहा हजारांसाठी साठ हजार टॅक्स लागत नाही. जेवढं वर गेलं तेवढाच, म्हणजे १०,००० आणि त्यावरचा सेस. हे मी मुद्दाम सांगते, कारण एका भावजींनी केवळ भीतीपोटी ओव्हरटाइम नाकारला होता.

पण ही बारा लाखांची माफी सगळ्या पैशाला लागत नाही. गावठाणाजवळचा बिगरशेती प्लॉट विकला आणि नफा झाला, किंवा लॉटरी लागली, तर त्याचा हिशोब वेगळा आणि त्यावर ही माफी मिळत नाही. प्लॉट विकणार असाल तर विकायच्या आधी सनदी लेखापालाला, म्हणजे सीएला विचारा. विकल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणखी एक गैरसमज आपल्या गटांतून फार आहे. ते ७५,००० सगळ्यांना मिळतात असं वाटतं. नाही. ते पगाराला आणि स्वतःच्या पेन्शनला आहेत. शिवणकाम, पापड, किराणा, पिठाची गिरणी, यांना ते नाहीत. धंद्याचा नफा वेगळ्या रीतीनं धरतात. धंदा वर्षाला दोन कोटींच्या आत असेल, म्हणजे आपले सगळेच, तर बँकेतून आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, मोठ्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत.

आणि दूध. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे सगळ्यांना पाठ आहे. पण गाई-म्हशींचं दूध विकणं आणि कोंबड्या पाळणं हे आयकरात शेती धरत नाहीत, धंदा धरतात. दोन म्हशीवालीला त्यानं काही फरक पडत नाही. ज्या ताईंचा पंधरा गाईंचा गोठा आहे आणि दर दहा दिवसांनी खात्यावर बिल जमा होतंय, त्यांनी मात्र "आमचं शेतीचंच आहे" म्हणून बसू नये. शिवाय नोकरी आणि शेती दोन्ही असेल, तर शेतीवर टॅक्स लागत नाही, पण ते उत्पन्न वर्षाला ५,००० च्या वर असलं की पगारावरच्या टॅक्सचा दर ठरवताना ते हिशोबात घेतात. रिटर्नमध्ये ते लिहावं लागतं.

आता मालकांच्या मागं ज्या बायकांना पेन्शन येते, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन, त्यांनी कान द्या. ती पेन्शन आयकरात पगार धरत नाहीत. म्हणून तिला ७५,००० नाहीत. तिला नव्या पद्धतीत पेन्शनचा तिसरा हिस्सा किंवा २५,००० यातलं जे कमी असेल ते वजा मिळतं, जुन्या पद्धतीत १५,०००. बँकेतला माणूस सुद्धा यात चुकलेला मी बघितलाय. आणि आपल्या साताऱ्याकडच्या ज्या भगिनींचे मालक सैन्यात कर्तव्यावर लढताना गेले, त्यांच्या त्या पेन्शनला आयकरच नाही. कुणी कापून घेत असेल तर घेऊ देऊ नका, सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

मग मोजून घ्यायचं कुणी? जुनी पद्धत कुणाच्या कामाची उरली? पगार मोठा आहे आणि खऱ्याखुऱ्या सुटीही मोठ्या आहेत, अशांच्या. असं एक घर आमच्या गटात आहे. ताई गटाच्या सचिव, त्यांचे मिस्टर सरकारी खात्यात अधिकारी. पगार वर्षाला १५ लाख. तालुक्याला घर बांधलंय, त्याचं व्याज दोन लाख जातं. मुलगा चौदा वर्षांचा आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्याला उचलून बसवावं लागतं, भरवावं लागतं. ताई बैठकीला येतात तेव्हा घड्याळाकडे बघत असतात.

त्यांचं मी वहीवर मांडलं. नव्या पद्धतीत १५ लाखांतून ७५,००० गेले, १४ लाख २५ हजार राहिले, सेससकट टॅक्स ९७,५००. जुन्या पद्धतीत ५०,००० सरसकट, व्यवसाय कर २,५००, घराचं व्याज २ लाख, बचत दीड लाख, एनपीएसमध्ये स्वतःहून टाकलेले वरचे ५०,०००, आरोग्य विमा घरच्यांचा २५,००० आणि साठीच्या पुढच्या आई-वडिलांचा ५०,०००. राहिले ९ लाख ७२ हजार ५००, टॅक्स १ लाख ११ हजार २८०. म्हणजे एवढं सगळं मोजूनही उक्तंच स्वस्त. मी वही मिटणार होते.

मग मी विचारलं, "मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लावलंय ना?" ताई गप्प. म्हणाल्या, "ह्यांना आवडत नाही. ऑफिसात कशाला सांगायचं म्हणतात."

मैत्रिणींनो, जुन्या पद्धतीत घरातल्या अवलंबून असलेल्या अपंग माणसासाठी ७५,००० ची वजावट आहे आणि अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर १ लाख २५ हजारांची. औषधाच्या पावत्या मोजत नाहीत, खर्च किती झाला विचारत नाहीत, प्रमाणपत्र लागतं. त्या मुलाचं प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं आहे. ती रक्कम वजा केली आणि टॅक्स आला ८५,२८०. नव्या पद्धतीपेक्षा १२,२२० रुपये कमी. दर वर्षी. एका मुलाच्या कागदानं सगळा हिशोब उलटला. त्या ताई म्हणाल्या, "एवढ्यात त्याच्या मसाजवाल्या बाईंचे चार महिने निघतात." यंदा मिस्टरांनी कागद लावलाय.

हाच कागद आमच्या घरात दुसऱ्या तऱ्हेनं आला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचंच सांगते, आणि हेही त्यांना विचारूनच. २०२२-२३ चं वर्ष. तालुक्याला एकजण होता, शाळेशाळेत जाऊन सांगायचा, "मॅडम, तुमचा कापलेला टॅक्स परत आणून देतो. आला तर मला दहा टक्के, नाही आला तर काही नको." निम्म्या शाळेनं दिलं, जाऊबाईंनीही पॅन, आधार, पासवर्ड सगळं दिलं. महिन्याभरात खात्यावर ४१,६०० रुपये आले. घरात पेढे आले, मीही खाल्ले. कुणीच विचारलं नाही की हे कशाचे.

दीड वर्षानं आयकर खात्याचा मेसेज आला, तुमच्या रिटर्नमधल्या वजावटी तपासून बघा. तो माणूस फोन उचलेना. मग आम्ही दोघी बसलो, वेबसाइटवरून रिटर्न काढलं आणि वाचलं. दोन लाखांच्या वजावटी त्यानं मनानं भरल्या होत्या. ७५,००० कुठल्याशा देणगीचे, जी जाऊबाईंनी कधी दिली नव्हती. आणि सव्वा लाख घरातल्या तीव्र अपंग व्यक्तीचे. खाली नातं लिहिलं होतं, मुलगा.

आमचा पुतण्या कबड्डी खेळतो. जाऊबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि स्क्रीनवर हात ठेवला. म्हणाल्या, "माझ्या लेकराला असं लिहिलं ह्यानं, न् मी पेढे वाटले."

पैसे तर गेलेच. खातं दुरुस्त रिटर्न भरू देतं, त्याला 'अपडेटेड रिटर्न' म्हणतात. पण त्यात मूळ टॅक्स, त्यावरचं व्याज आणि वर २५ टक्के जादा भरावे लागले. जेवढा उशीर तेवढा तो जादा टक्का वाढतो, ५०, ६०, ७० पर्यंत. ४१,६०० आले होते, साठ हजारांच्या वर गेले. त्यातले चार हजार त्या माणसानं आधीच नेले होते. न भरता बसलो असतो आणि खात्यानं स्वतः पकडलं असतं तर खोट्या माहितीसाठी टॅक्सच्या दुप्पट दंड आहे. आणि दंड करून देणाऱ्याला नसतो, ज्याचं पॅन त्याला असतो.

हे आमच्याच तालुक्यात झालं असं नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांची तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी आपणहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींच्या वजावटी मागे घेतल्या होत्या. त्यात जाऊबाईंसारख्या किती शिक्षिका, किती नर्सताई असतील, ज्यांनी फक्त पासवर्ड दिला होता.

मोजून घ्यायच्या पद्धतीत ही फट आहे. प्रत्येक ओळ भरायची असते, म्हणून खोटी ओळही घुसते. तेव्हा जुनी पद्धत घ्यायची असेल तर भरलेलं रिटर्न पाठवायच्या आधी कागदावर छापून मागा आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "याची पावती माझ्याकडे आहे का?" इंग्रजी असेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला लावा. आणि पासवर्ड तुमच्याजवळ ठेवा, मोबाइल नंबरही तुमचाच द्या. परताव्यावर टक्केवारी मागतो त्याच्याकडे जाऊच नका. प्रामाणिक सीए कामाची ठरलेली फी घेतो.

आता एक गोष्ट, जी मला टॅक्सपेक्षा जास्त टोचते. नवी पद्धत आली, सूट उक्ती झाली, आणि घराघरांत काय झालं? पूर्वी मार्च आला की नवरोबा टॅक्स वाचवायला का होईना, मुलीच्या सुकन्या खात्यात पैसे टाकायचे, बायकोच्या नावाचा आरोग्य विमा भरायचे. आता म्हणतात, "त्याची सूट मिळत नाही, मग कशाला भरायचं?" गटातल्या एका वहिनींच्या घरी असंच झालं. एमआयडीसीत नोकरी, आरोग्य विम्याचा हप्ता थांबवला. पावसाळ्यात वहिनींचं गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं. गटातून चाळीस हजारांचं कर्ज दिलं आम्ही, अजून फिटतंय.

मैत्रिणींनो, घरात हे ठणकावून सांगा की हप्त्याची सूट गेली, गरज गेलेली नाही. उलट टॅक्स शून्य झाला म्हणजे हातात पैसे जास्त राहिले, त्यातूनच हप्ता भरा. आणि स्वतः काढलेल्या आरोग्य विम्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी लागायचा, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. सुकन्या खात्याला २०२५-२६ मध्ये ८.२ टक्के व्याज होतं, आणि त्याचं व्याज न् शेवटी मिळणारी रक्कम नव्या पद्धतीतही करमुक्तच आहे. पैसे टाकतानाची सूट तेवढी गेली. अगदीच ओढाताण असेल तर वर्षाला २५० रुपये टाका, पण खातं बंद पडू देऊ नका.

आता कामाच्या गोष्टी भराभर सांगते, वेळ संपत आलाय.

टॅक्स शून्य म्हणजे रिटर्न भरायचं नाही, असं नाही. वजावटी आणि माफी धरायच्या आधी उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरायचंच. जाऊबाईंचा टॅक्स शून्य आहे, तरी रिटर्न भरायचंय.

पगारदारांना दर वर्षी पद्धत बदलता येते. ऑफिसात किंवा शाळेत वर्षाच्या सुरुवातीला जे लिहून दिलं ते काळ्या दगडावरची रेघ नाही, रिटर्न भरताना बदला. पण जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरायला हवं. पगारदारांची मुदत ३१ जुलै धरून चाला. उशीर झाला की जुनी पद्धत मिळत नाही, आणि वर १,००० किंवा ५,००० रुपये उशिराची फी. त्या सचिव ताईंच्या घरी हे मी कॅलेंडरवर लिहून आलेय.

धंदावाल्यांना दर वर्षी असं इकडून तिकडे जाता येत नाही. त्यांना जुन्या पद्धतीसाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा जुनीकडे जाऊन परत नवीत आलं की पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. तेव्हा तिथं घाई नको.

नवरा-बायको दोघं कमावते असतील तर दोघांचं रिटर्न वेगळं आणि पद्धतही वेगळी निवडता येते. त्यांनी जुनी घेतली म्हणून तुम्ही जुनी घ्यायची असं काही नाही. घराचं व्याज त्यांनी मोजलं असेल तर तुमच्याकडे मोजायला काही उरलंय का ते बघा.

आणि ज्यांचं उत्पन्न टॅक्सच्या जवळपासही नाही, त्यांनीही एकदा तपासा. माझंच सांगते. मला संस्थेकडून दरमहा १२,००० मानधन मिळायचं आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जायचा, महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००. मी बीए झालेली, गटाच्या वह्या तपासणारी, आणि मला वाटायचं हे पैसे गेले ते गेले. रिटर्न भरल्यावर ते सगळे परत मिळाले. दोन वर्षांचे मात्र मुदतीत मागितलेच नव्हते. बँकेतल्या ठेवीचंही तसंच. वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक कापते, साठीच्या पुढच्यांचं एक लाखाच्या वर गेलं की. उत्पन्न कमी असेल तर आधीच बँकेत त्यासाठीचा फॉर्म भरून द्या, सासूबाईंचाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले. त्यामुळे नंबर पाठ करू नका, आपली गोष्ट पाठ ठेवा.

येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात आपण बसणार आहोत. येताना गेल्या वर्षीचा फॉर्म सोळा, पॅनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घरकर्ज असेल तर बँकेचा व्याजाचा दाखला आणा. ज्यांच्या घरात अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे त्यांनी तेही आणा, लाजू नका. आयकराच्या वेबसाइटवर दोन्ही पद्धतींचा हिशोब शेजारीशेजारी निघतो, तो आपण एकेकीचा काढू. मालकांना यायचं असेल तर येऊ द्या, पण मोबाइल तुमच्या हातात असू द्या, कारण ओटीपी तुमच्याच नंबरवर येणार आहे.